नाळेवरची तीच चीर दरवर्षी परत का उघडते

माझ्या मोठ्या मावसभावाची बावीस फुटी फायबरची होडी आहे, मालवणच्या किनाऱ्यावर. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नांगराचा दोर बांधायचा खुंटा आहे आणि त्या खुंट्याच्या उजव्या अंगाला डेकवर चार बोटं लांब चीर. पहिल्या वर्षी त्याने हार्डवेअरच्या दुकानातलं कालवून लावायचं सील तिच्यात दाबून भरलं. दिवाळीपर्यंत टिकलं. दुसऱ्या वर्षी मासेमारी बंदीत, ऐन जुलैत, ताडपत्री बांधून मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या चटईचा) तुकडा चिकटवला आणि वर पांढरा रंग मारला. तो तुकडा मार्चमध्ये पापडासारखा उचलून हातात आला. मग मला फोन: "गेल्या वर्साकच भरली होती रे, परत कशी फुटली?"

हा प्रश्न मला दरवर्षी चार-पाच जण तरी विचारतात. होडी वेगळी, चीर वेगळी, वाक्य तेच. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

फायबरला चीर पडते ती बहुतेक वेळा खालचं काहीतरी हलतंय म्हणून. ती परत उघडते कारण आपण चीर भरतो आणि हलणारं तसंच ठेवतो. त्यात ठिगळही ओल्या, खारट, तेलकट पृष्ठभागावर बसवलेलं असतं. मावसभावाच्या होडीत दोन्ही होतं.

आधी दुखणं ओळखा

ग्राइंडर हातात घेण्याआधी डेक गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चिरेपासून लांब सुरुवात करून हळूहळू तिच्याकडे या. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. जिथे आवाज दबका, भिजलेल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा येतो, तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा जोडल्या की दुखणं किती पसरलंय त्याचा नकाशा तयार होतो. तो चिरेपेक्षा बऱ्याचदा मोठा निघतो.

मग चिरेकडे बघा. केसासारख्या बारीक रेषा, नखाला लागत नाहीत, आवाज खणखणीत: नुसता जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत रंगीत थर, तडकलाय. त्याला घाई नाही. एका बिंदूपासून चांदणीसारख्या फाकलेल्या रेषा असतील तर काहीतरी आदळलंय, बहुधा नांगर. कोपऱ्यात किंवा एखाद्या काठाला समांतर दोन-तीन रेषा असतील तर तिथे डेक वाकतंय. खुंट्याभोवती किंवा बोल्टापासून निघालेली चीर असेल तर बोल्ट सैल आहे किंवा खाली आधार नाही. आणि पाय ठेवल्यावर डेक दबत असेल, चिरेतून तपकिरी पाणी पाझरत असेल, तर आतलं प्लायवूड कुजलंय. अशा डेकवर कितीही मॅट चढवा, ती हलत्या जमिनीवर घातलेली फरशी.

आतल्या लाकडाबद्दल शंका असेल तर दबक्या जागेत पाच-सहा मिलिमीटरचं भोक फक्त वरच्या थरातून पाडा आणि ड्रिलला काय लागून येतं ते चिमटीत घ्या. कोरडा, लाकडाच्या रंगाचा भुसा आला तर बरं. काळा, ओला, आंबूस वासाचा चिखल आला की समजा. मावसभावाच्या खुंट्यापाशी वापरलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी बाहेर आलं. तो बघतच राहिला.

जुन्या माणसांना हे पटायला वेळ लागतो, आणि त्यांची चूक नाही. लाकडी होडी पाणी प्यायली की फळ्या फुगतात, सांधे घट्ट होतात. तिथे पाणी मित्र होतं. फायबरच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे दाबलेल्या प्लायवूडला आत शिरलेलं पाणी बाहेर काढायला वाटच नाही.

पाणी शिरतं कुठून

चिरेतून कमी, भोकांतून जास्त. मासे शोधायचं यंत्र बसवायला चार स्क्रू, दिव्याच्या खांबाला चार, ताडपत्रीच्या हुकाला दोन. प्रत्येक स्क्रू थेट प्लायवूडमध्ये, भोवती फारतर सिलिकॉनचा ठिपका. त्यातले निम्मे साधे लोखंडी. गंजले, सैल झाले, पाणी आत. चीर नाळेच्या मध्यावर दिसते, पण ओल कधीकधी हातभर लांबच्या स्क्रूपासून सुरू झालेली असते. म्हणून पेन्सिलच्या नकाशात जवळचे सगळे स्क्रू धरा.

सिलिकॉनचा आणखी एक ताप. ते जिथे लागलं तिथे रेझिन (मॅट भिजवून घट्ट करणारा राळेसारखा द्रव), जेलकोट, रंग, काहीच धरत नाही. ॲसिटोनने पुसलं तर जात नाही, उलट पसरतं. ब्लेडने खरवडून काढा आणि मग तो भाग घासून टाका. डेकवर सिलिकॉन वापरूच नका असं माझं मत आहे. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट महाग पडतं, पण त्यावर रंग तरी बसतो.

काम कधी काढायचं

इथे आपण सगळे फसतो. १ जून ते ३१ जुलै बंदी, होडी वर ओढलेली, खलाशी मोकळे, म्हणून फायबरचं काम तेव्हाच निघतं. आणि वर्षातले याहून वाईट दोन महिने या कामाला नाहीत. हवेत पाणी, मॅट ओलसर, डेक आतून भिजलेलं. ओल्या मॅटवर रेझिन टाकलं की ती पांढरट राहते, चिकट राहते आणि थर धरत नाहीत. मावसभावाचं दुसऱ्या वर्षीचं ठिगळ असंच गेलं.

मे महिना उत्तम. ते जमलं नाही तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. "तेव्हा धंदा बुडतो" हे मला माहीत आहे. पण लहान होडीला एक जुनी सोय आहे. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाचं पाणी सगळ्यात वर येतं. त्या भरतीला होडी जितकी वर नेता येईल तितकी न्या. मग भांग (कमी भरतीचे दिवस) लागतो, पाणी रोज खाली खाली राहतं आणि पुढचे सात-आठ दिवस लाट होडीला शिवत नाही. पुढच्या उधाणाला तीच होडी आपोआप पाण्याला लागते. लहान दुरुस्तीला एवढे दिवस पुरतात.

बंदीतच करायचं असेल तर कुजलेलं काढून टाकण्याचं काम तेव्हा उरका, वर ताडपत्री अशी बांधा की खालून वारा खेळेल, आणि रेझिन उघडीप मिळाल्यावरच कालवा. डेक सुकलंय का ते बघायला पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दुपारभर उन्हात ठेवा. आतून घाम धरला तर अजून थांबा.

घासणं, आणि लोक सोडून देतात ते पुसणं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी साबण आणि गोडं पाणी, मग ॲसिटोनने पुसणं, आणि त्यानंतर घासणं. आपल्या डेकवर मासळीचं तेल, पेट्रोल, इंजिनचं ऑइल सगळं मुरलेलं असतं. पुसायच्या आधी घासलं तर ते तेल पॉलिश पेपरने खोल दाबलं जातं. कापड सतत बदला. एकच चिंधी फिरवणं म्हणजे तेल एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं.

ग्राइंडरला ३६ किंवा ४० नंबरची चकती लावा. चिरेच्या रेषेवरून नुसती खाच पाडू नका. बशीसारखा उथळ, पसरट उतार करा. प्रमाण साधारण एकास बारा. चीर तीन मिलिमीटर खोल असेल तर तिच्या प्रत्येक बाजूला साडेतीन सेंटिमीटर उतार. लोकांना हे फार वाटतं. दहा सेंटिमीटरच्या चिरेसाठी सतरा सेंटिमीटर लांब, सात-आठ रुंद डेक घासायचं! पण नवीन थर जुन्याला धरतो तो केवळ चिकटून. उभ्या काठाला चिकटायला जागाच किती मिळणार?

कुठे थांबायचं हे डोळ्यांनी कळतं. जेलकोट गेला की खालचं निरोगी फायबर किंचित हिरवट-पिवळं, काचेसारखं अर्धपारदर्शक दिसतं. तुटलेलं किंवा सुटलेलं फायबर दुधासारखं पांढरं असतं. पांढरं दिसतंय तोवर घासत जा. शेवटची पांढरी रेघ नाहीशी झाली की चीर संपली. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची पद्धत पत्र्याची. इथे टोक संपेपर्यंत उघडणं हाच उपाय.

धूळ अंगाला खाजते, फुप्फुसाला त्याहून वाईट. चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. काम झाल्यावर आधी थंड पाण्याने आंघोळ करा, गरम पाण्याने काचेचे कण जास्त टोचतात.

खाली लाकूड कुजलेलं असेल तर ठिगळ विसरा. तळहाताएवढा भाग असेल तर वरचा थर चौकोनी कापून काढा, काळं झालेलं सगळं प्लायवूड चांगलं लाकूड लागेपर्यंत छिन्नीने उकरा, सुकू द्या, त्याच जाडीचा मरीन प्लायचा तुकडा रेझिनच्या घट्ट लापशीत बसवा. तुकड्याच्या कडांनाही रेझिन पाजा, नाहीतर तोही पाणी पिणार. त्यावर नेहमीसारखी मॅट. कूज याहून मोठी असेल, किंवा ती ट्रान्समकडे, इंजिन टांगतो त्या बाजूला गेली असेल, तर हे घरी करायचं काम नाही. फायबरची होडी बांधणाऱ्याकडेच न्या.

रेझिन, हार्डनर आणि एक भीती

आपल्याकडच्या बहुतेक लहान होड्या पॉलिस्टर रेझिनच्या. दुरुस्तीलाही तेच वापरा, शक्यतो आयसो (पाण्यात जास्त टिकणारा प्रकार). मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅमची. तिचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. म्हणजे तीन मिलिमीटर खोल खड्ड्याला तीन थर. आधी कोणी इपॉक्सी लावलं असेल तर ते पूर्ण काढा, कारण इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. गाडीच्या डेंटिंगची पुट्टीही नको. ती पाणी शोषते आणि फुगून बाहेर येते.

आता भीतीची गोष्ट. रेझिन कडक होतं ते हार्डनर घातल्यावर, आणि त्याला वेग देतं कोबाल्ट. काही दुकानांत रेझिन साधं मिळतं आणि कोबाल्ट वेगळं देतात. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, दोघांना एकच माप वापरू नका, दोन्ही बाटल्या एका पिशवीत ठेवू नका. ती जोडी पेट घेते, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग वेगळ्या मापाने हार्डनर. सोपं म्हणजे दुकानदाराला कोबाल्ट घातलेलंच रेझिन मागा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घातल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, आणि शेजारी गोड्या पाण्याची कळशी भरून ठेवायची. पेट्रोलचा कॅन होडीतून उतरवून लांब न्या. बिडी नंतर.

माप अंदाजाने नको. वरच्या उदाहरणातले तीन तुकडे घ्या: १७ बाय ८, १४ बाय ५ आणि ११ बाय अडीच सेंटिमीटर. तिन्ही मिळून काच जेमतेम ११ ग्रॅम होते. मॅटला तिच्या वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे २७-२८ ग्रॅम. पण मी १०० ग्रॅम कालवतो. एक तर ब्रश निम्मं पितो, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे इतक्या कमी रेझिनला हार्डनर अर्ध्या मिलिलिटरहून कमी लागतं, तिथे दोन थेंबांनी हिशोब बिघडतो. १०० ग्रॅमला मेच्या गरमीत एक मिलिलिटर, डिसेंबरच्या सकाळी दीड ते दोन. मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज घ्या, दहा रुपयांच्या आत काम होतं. बाटलीच्या झाकणाने मोजणाऱ्यांची ठिगळं मी खूप उचकटली आहेत.

मिसळल्यावर मगात पंधरा-वीस मिनिटं मिळतात. रेझिन जेलीसारखं व्हायला लागलं की ते टाकून द्या, पातळ करून वापरायचा मोह नको. उरलेल्या रेझिनचा मग वाळूवर उघड्यावर ठेवा. तो तापतो, कधी धूर सोडतो.

थर चढवणं

मॅट वापरायच्या आधी तासभर उन्हात ठेवा. तुकडे कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडा, फाटलेली विसविशीत कड खालच्या थरात मिसळून जाते. खड्ड्याला आधी नुसतं रेझिन लावा, मग सगळ्यात मोठा तुकडा, त्यावर मधला, शेवटी लहान. बरेच जण उलट करतात, लहान खाली. मोठा आधी घालण्याचं कारण एवढंच की जुन्या फायबरला धरायला एका अखंड थराची जास्तीत जास्त जागा मिळते, आणि नंतर घासताना वरचा लहान तुकडा झिजतो, खालची पकड शाबूत राहते.

ब्रश रंगासारखा ओढू नका. टोकाने टोचत, थापटत जा, म्हणजे मॅट भिजून पारदर्शक होते आणि हवा काठाकडे सरकते. पांढरा ठिपका दिसला तर तिथे काच कोरडी आहे किंवा बुडबुडा आहे. रेझिन साचून चकाकत असेल तर ते जास्त झालं. नुसतं रेझिन ठिसूळ असतं, ताकद काचेत असते.

दुपारी बारा वाजता डेक हाताला चटका देतं, तेव्हा काम करू नका. सकाळी दव पूर्ण उडाल्यावर, सावली करून. संध्याकाळी करायचं तर अंधार पडायच्या दोन तास आधी संपवा, नाहीतर रात्रीचं दव ओल्या रेझिनवर बसतं.

शेवटचा हात जेलकोटचा. तो उघड्या हवेत वरून चिकट राहतो, म्हणून त्यात मेणाचं द्रावण घालून मागा किंवा लावल्यावर वर प्लास्टिकचा कागद हवा न अडकवता पसरा. वाळल्यावर कागद सोलून निघतो. नाळेवर उभं राहून दोर ओढायचा असतो, तेव्हा गुळगुळीत ठेवू नका; ओल्या जेलकोटवर बारीक वाळू भुरभुरा. वाळू किनाऱ्यावरची घेतलीत तर तीन-चार पाण्यांत धुऊन मीठ काढा आणि तव्यावर कोरडी करा. घरच्या तव्यावरून आमच्याकडे भांडण झालं आहे, जुना तवा बघा.

बिघडलं तर

नुसता वरचा थर बोटाला चिकटतो, आत टणक आहे: मेण विसरलात. ॲसिटोनने पुसून घासा, मेणाचा हात द्या. नख आतपर्यंत रुततं: हार्डनर कमी पडलं किंवा ओल होती. दोन दिवस उन्हात वाट बघा, तरी मऊ असेल तर सगळं खरवडून पुन्हा. वर रंग मारून झाकलंत तर मार्चमध्ये पापड. तपकिरी झालं, बारीक तडे गेले: हार्डनर जास्त, किंवा एका दमात फार थर. चारच्या वर एकावेळी चढवू नका. एक दिवस उलटून गेल्यावर पुढचा थर द्यायचा असेल तर आधी पुन्हा घासा.

खुंटा

मावसभावाच्या होडीत खरी गोची डेकच्या खाली होती. खुंट्याच्या चार बोल्टांना खालून रुपयाएवढे वॉशर, तेही प्लायवूडमध्ये रुतलेले. नांगर रेतीत अडकला आणि लाट आली की सगळा हिसका त्या चार ठिपक्यांवर. डेक तिथे दरवेळी केसभर उचललं जायचं.

खुंटा काढला. कुजलेलं उकरून नवीन तुकडा बसवला. बोल्टांची भोकं मुद्दाम मोठी पाडली, रेझिन आणि काचेच्या चुऱ्याच्या लापशीने भरली, घट्ट झाल्यावर त्या भरावाच्या मधून बोल्टाच्या मापाची नवीन भोकं काढली. आता बोल्टाला लाकूड लागतच नाही, त्यामुळे सीलंट कधी फाटलं तरी पाणी भरावाशी अडतं. खालून १२ मिलिमीटर मरीन प्लायची पाटी, सगळ्या बाजूंनी रेझिन पाजलेली, खुंट्याच्या पायापेक्षा चहूकडून तीन बोटं मोठी. स्टीलचे रुंद वॉशर, स्टीलचेच बोल्ट, पीयू सीलंट. बोल्ट आधी हलके आवळले, सीलंट दुसऱ्या दिवशी सुकल्यावर पूर्ण. पहिल्याच दिवशी कचकून आवळलं असतं तर सगळं सीलंट पिळून बाहेर आलं असतं.

होडी पाण्यात गेल्यावर महिनाभराने ठिगळ बोटाने चाचपून बघायला त्याला सांगितलं होतं. नवी रेष ठिगळाच्या कडेने गोल फिरत असेल तर ठिगळ धरलेलं नाही, म्हणजे घासणं किंवा पुसणं कमी पडलं. रेष ठिगळाच्या मधून आडवी जात असेल तर ठिगळ ठीक आहे आणि खाली अजून काहीतरी हलतंय. तेव्हा वर हात न लावता डेकखाली टॉर्च घेऊन शिरायचं. त्याने फोटो पाठवला त्यात कसलीच रेष नव्हती. खुंट्यावर मात्र एक बगळा बसलेला होता.